धुतलेलं शेवाळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. धनत्रयोदशीची दुपार, उंद्रीतलं आमचं स्वयंपाकघर. हजर — मी आणि फ्रिजमधल्या तीन बाटल्या. साक्षीदार कुणी नाही. म्हणूनच तर जमलं.

बाटल्या माझ्या भाचीच्या, पल्लवीच्या. ती आमच्याकडेच वाढली; तेव्हा रत्नागिरीला समुद्री वनस्पती शिकत होती. सुट्टीत रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं म्हणून तिनं समुद्री शेवाळ खाऱ्या पाण्यात घालून, बसमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. मी एक बाटली उजेडात धरली. पानांवर तपकिरी, बुळबुळीत थर. पोरीचा माल नासतोय — तुम्हाला दुसरं काय वाटलं असतं? आमच्याकडे मेथीची जुडीसुद्धा तीन पाण्यांतून निघते. मी मऊ ब्रशनं एकेक पान घासलं आणि बाटल्यांत फिल्टरचं पाणी भरलं. घरातलं सगळ्यांत चांगलं. पानं अशी हिरवीगार झाली की मी स्वतःवर खूश झालो.

संध्याकाळी पल्लवी बाटल्या घेऊन ओट्याशी आली. "मामी, हे कोणं धुतलं वं?"

"काऊन, काय झालं?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"पानं तं मले खडकावर फुकट भेटतात. मले तो मळच पाह्यचा होता."

तो मळ म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ, मोठ्या शेवाळावर बिऱ्हाड करून राहणारं. आणि त्याच्या आत शिरून त्यालाच खाणारी एक बुरशी. ती बुरशी तिला याच पानांवर सापडली होती. वर्षभराचं काम त्यावर होतं.

"म्हणजे भाडेकरूच्या घरात चोर," सुनंदा म्हणाली.

पल्लवीनं तिच्याकडे पाहिलं. आणि — इथंच आहे सगळं — मीही सुनंदाकडेच पाहिलं.

"धुतलंबी असंन माय," ती म्हणाली. "दसऱ्यापासून जे हाती येते ते धुऊन राह्यली मी. परवा यांचा चार्जर धुतला."

ओल्या डोळ्यांनी पल्लवी हसली. मीही हसलो. बोलायला कितीसा वेळ लागला असता?

अमावास्येची ओहोटी मोठी. ते खडक तेव्हाच उघडे पडतात. पुन्हा शेवाळ आणायला पल्लवी दुसऱ्या सकाळीच रत्नागिरीला निघाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती गुडघाभर समुद्रात होती. बुरशी पुन्हा मिळाली, काम झालं — पण ते माझ्या बाजूनं जमा धरायचं नाही. सुनंदा मात्र अजून तिला फोनवर विचारते, "काई पाठवायचं असंन तं धुऊन पाठवू का?" आणि दोघी हसतात.

भरपाई तेव्हाच झाली. पाडव्याला नेसायची, घडीही न मोडलेली साडी सुनंदानं निघताना पल्लवीच्या बॅगेत घातली. "माह्या हातानं नुकसान झालं. घे."

पाडव्याला तिनं मला जुन्या साडीत ओवाळलं. मी ताटात दरवर्षीसारखे पाचशे रुपये टाकले. जास्त टाकले असते, तर तिनं कारण विचारलं असतं.