पूर्वेच्या घरी ठेवलेली पुरचुंडी

शेजारणीच्या दाराला कुलूप होतं आणि माझा पासपोर्ट आत तिच्या देवघरातल्या फळीवर होता, लाल फडक्यात, सुपारी-हळकुंडाबरोबर बांधलेला. जावयाचा फोन येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मुलीच्या हृदयाची झडप बदलायची होती, ती महिन्याभरानंतर. आता डॉक्टर म्हणत होते की इतकं थांबता येणार नाही, येत्या मंगळवारीच करायचं, आणि आईला पाहायचं असं ती सारखी म्हणतेय. तो बुधवार होता. मुलगी कॅनडात, आणि मी ग्वाल्हेरात, आमच्या दाना ओली नावाच्या गल्लीत, दुसऱ्याच्या दाराचं कुलूप हातात धरून उभी. ओढून काही होणार नव्हतं. तरी दोनदा ओढलं.

हे कसं झालं ते सांगते.

मुलगा ऑस्ट्रेलियात असतो. दोघा भावंडांनी मिळून आमची जगाला वळसा घालणारी तिकिटं काढली. मुदत एक वर्षाची. आधी मुलाकडे राहायचं, तिथून मोठा समुद्र ओलांडून मुलीकडे, मग युरोपावरून घरी. शिंदे की छावनीतल्या ज्या ऑफिसातून तिकिटं निघाली तिथली पोरगी मराठीच, पण चार शब्द बोलली की हिंदीत घसरायची. तिनं समजावलं, "आजी, तारीख कितीही वेळा बदला, टेन्शन नाही. पण दिशा एकच. पूर्वेला निघालात तो पूरब ही जाना है, मागे नाही येता येणार. और एक भी उड़ान छोड़ी ना, तर पुढची सगळी कॅन्सल."

मी म्हटलं, म्हणजे लग्नच की. ती हसली. हे हसले नाहीत.

हे, म्हणजे माझे यजमान, एक्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मी चौथीपर्यंत शिकले. त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि तारखा बदलता येतात म्हणून रोज बदलल्या. आज मुलाकडे सहा आठवडे, उद्या आठ, परवा थंडी नको म्हणून पुन्हा सहा. दोन महिने मी त्या नकाशासमोर बसून हो म्हणत होते. त्यात ते पंचांग बघायचे. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूल, म्हणजे त्या वारी त्या दिशेला निघायचं नाही. विमान दिल्लीहून होतं. मी म्हटलं, दिल्ली तर उत्तरेला आहे. तर म्हणाले, दिल्ली धरायची नाही.

कॅनडाचा व्हिसा आदल्या वर्षीच झाला होता. ऑस्ट्रेलियाचा ऑनलाइन मिळायचा, तो येईना. पुढे पितृपक्ष लागत होता आणि पितृपक्षात हे घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. म्हणून त्यांनी प्रस्थान ठेवलं. आमच्याकडे अशी रीत आहे. मुहूर्तावर निघता येत नसेल तर त्या वेळेला आपलं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड बांधून ती पुरचुंडी जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. पुरचुंडी निघाली की माणूस निघाला असं धरतात. मग ती परत घरात आणायची नाही, आणली की प्रवास मोडला. आम्हा दोघांचं एकच प्रस्थान. दोन सुपाऱ्या, त्यांचा रुमाल, माझा पोलक्याचा खण. आणि ह्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, दोघांचे पासपोर्टही त्यातच बांधले. नुसत्या सुपारीनं काय होतं, म्हणाले, ज्याच्यावर जायचं तेच आधी जाऊ दे. मीही गाठ मारायला बोट धरलं. तेव्हा मलाही ते शहाणपणाचंच वाटलं.

मग बसलो. व्हिसा येईना. मी डबे रिकामे करून पालथे घातले होते, गाद्या गुंडाळल्या होत्या. रोज पाव किलो पीठ आणायचं आणि तेवढ्याच्याच पोळ्या करायच्या. दोन चादरी बाहेर, बाकी सगळं बांधलेलं. बॅगा दारात, त्यांना ओलांडून मोरीत जायचं. लोक विचारायचे, अजून इथंच? मग मी बाहेर जाणंच सोडलं. धड गेलो नव्हतो आणि धड राहतही नव्हतो. पूर्वेची शेजारीण, एकटी राहणारी हिंदी बाई, सासऱ्याच्या श्राद्धाला भिंडजवळच्या गावी गेली. जाताना सांगून गेली. आम्ही बरं म्हटलं. पासपोर्ट कुणाच्याच डोक्यात आला नाही.

आणि मग बुधवार.

कुलूप सोडून मी ऑफिसातल्या पोरीला फोन केला. ती म्हणाली, ऑस्ट्रेलिया वगळून पुढे जाता येणार नाही, पण पहिलं विमान अजून व्हायचंय म्हणून तिकीट उलटं फिरवता येईल. पश्चिमेकडून निघायचं, कॅनडा आधी, ऑस्ट्रेलिया शेवटी. शुक्रवारच्या विमानात जागा आहे. एकदा निघालात की मग काही नाही. संध्याकाळपर्यंत पासपोर्ट दाखवून सांगा.

ह्यांना सांगितलं. ते नकाशाखाली खुर्चीत बसले होते. नाही म्हणाले. प्रस्थान पूर्वेला ठेवलंय. पश्चिमेला निघायचं तर ते मोडावं लागेल.

"मग मोडा," मी म्हटलं.

"पोरीची छाती उघडणार आहेत," ते म्हणाले. "आत्ता मोडू?"

हट्ट असता तर मी भांडले असते. पन्नास वर्षं भांडलेय. पण ते घाबरले होते, हात मांडीखाली दाबून बसले होते. घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी परत शेजारणीच्या दाराशी गेले.

तिचा फोन पाचव्यांदा लागला. "तोड़ दो अम्मा, ताले का क्या है," ती म्हणाली. "बस भगवान के कमरे में चप्पल मत ले जाना." सराफ्यातून तिजोऱ्यांची कुलपं उघडणारा माणूस बोलावला. त्यानं दोन मिनिटांत काढलं. मी चप्पल काढून आत गेले, पुरचुंडी खाली घेतली आणि जमिनीवर बसून गाठ सोडली. माझी सुपारी, माझा खण, माझा पासपोर्ट मी पदरात घेतला. त्यांचा रुमाल, त्यांची सुपारी, त्यांचा पासपोर्ट पुन्हा बांधून फळीवर ठेवला. हळकुंड एकच होतं, ते त्यांना ठेवलं.

बाहेर आले तर हे आमच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभे. घरात आणू नकोस, म्हणाले. मी म्हटलं, आणत नाहीये, चक्कीवर नेतेय. पिठाची चक्की आमच्या पश्चिमेला आहे. दारावरूनही नेऊ नकोस, म्हणाले. म्हणून मागच्या गल्लीनं वळसा घेतला, गुडघ्यांनी जीव काढला. चक्कीवाल्यानं विचारलं, "अम्मा, इसमें क्या पिसवाना है?" मी म्हटलं, काही नाही, शुक्रवारपर्यंत राहू दे. सुपारी आणि खण त्याच्या काट्याशेजारी ठेवला आणि पासपोर्ट घेऊन रिक्षानं छावनीत गेले.

शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल असतं. त्यांनी तो विषय काढला नाही. गुळाचा खडा दिला, तो मी खाल्ला, चक्कीवरून सुपारी उचलली आणि गाडीत बसले.

विमानात आणि विमानतळांवर मला चाकाच्या खुर्चीतून असं नेत होते की सामान बरं. कुठं नेताहेत ते विचारायची सोय नव्हती. रविवारी पोचले. सोमवारी मुलीशेजारी बसले. ती म्हणाली, बाबा कुठं? मी म्हटलं, पूर्वेकडून येताहेत. मंगळवारी सकाळी तिला आत नेलं.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नंतर अकरा दिवसांनी आला, दोघांचाही. हे पूर्वेला निघाले, मुलाकडे राहून त्याच्याबरोबर कॅनडात आले. सहा दिवस आम्ही एका छताखाली होतो. एकत्र परतायचं म्हटलं तर तिकीट परवानगी देईना. मला पुढे पश्चिमेलाच जायचं, त्यांना पूर्वेलाच. ते आधी घरी पोचले, मी महिन्यानंतर.

आता गल्लीतल्या बायका विचारतात, कुणाचं प्रस्थान लागू पडलं, त्यांचं की तुमचं. ते म्हणतात, माझं मोडलं नव्हतं. त्या मंगळवारी हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर दोघींची झडप बदलली. दुसरी बाई गेली. माझी मुलगी जगली.