मालकाच्या परवानगीशिवाय

"साहेब, याला जबरदस्ती म्हणतात," रमाकांत पाटील म्हणाले आणि खुर्ची सावलीत सरकवून पुन्हा बसले.

समोर खाडीचा बांध फुटला होता. बांधाच्या अशा भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. अमावस्येचं उधाण तोंडावर आलेलं, आणि खांड बुजली नाही तर खारं पाणी सगळ्या भातशेतीत घुसणार होतं.

मी पेणच्या ऑफिसातला, बांधांची कामं बघणारा ज्युनियर इंजिनियर. या गावाची जुनी रीत अशी की खांड पडली की घरटी एक माणूस चिखल काढायला येतो. न येणाऱ्याला दंड, वर गावभर बोलणी. पाटील रोह्याच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. मोबाईलवर भाषणं ऐकून ते लिबर्टेरियन झाले होते. म्हणजे काय, हे मी विचारून बसलो. माणसाचं शरीर त्याचं, मालमत्ता त्याची. तो कोणाला इजा करत नसेल तर गाव असो की सरकार, त्याच्यावर सक्ती करायची नाही. मग त्यांनी मला विचारलं, तुमचा पगार कशातून येतो? टॅक्समधून, म्हणालो. तो लोक खुशीनं भरतात का?

खरं सांगतो, मला त्यांचं थोडं पटलं होतं. गावाला दंड करायचा अधिकार दिला कोणी, हा प्रश्न रास्तच होता. डोकं फिरलं ते पुढच्या वाक्यानं. भरावाची माती लगतच्या शेतातून काढावी लागते आणि ते शेत पाटलांकडे होतं.

"मालकाच्या परवानगीशिवाय तिथं फावडं लागणार नाय."

गावचे वडीलधारे महादूदादा म्हणाले, पोलीस बोलवा. मी त्याऐवजी चुन्याची फक्की मागवली. पाटलांचं शेत बाहेर, खाडीच्या बाजूला ठेवून त्याच्या मागून नव्या बांधाची रेघ मारली. रेघेच्या आतले शेतकरी माती द्यायला राजी होते. बाहेरच्या शेतात मात्र उधाणाचं पाणी शिरलं की काही वर्षं भात विसरायचा.

पाटील ताडकन उठले. ही पण जबरदस्तीच, म्हणाले.

"तुला कोणी हात लावला काय?" महादूदादा म्हणाले. "आता काय ता समुद्राला समजव."

तेवढ्यात पाटलांची बायको, सुमनवहिनी, फावडं घेऊन आल्या आणि थेट माझ्याशी बोलल्या.

"ती रेघ पुसा. शेत माझ्या बापानी मला दिलाय, माझ्या नावावर हाय. काढा माती."

"अगो, मला विचारायचंस तरी," पाटील म्हणाले.

"मालकाला विचारा, असा तुम्हीच बोललाव ना? मालक मी. तुमच्यावर सक्ती नाय, बसा."

पाटील बसले. पण सगळा गाव रांगेत उभा राहून हातोहात चिखलाची ढेकळं पुढे देत होता, आणि त्यांना कोणीच बोलवेना. दुपारी त्यांनी पँट दुमडली आणि रांगेत घुसले. शेजारच्याला प्रत्येक ढेकूळ देताना "मी स्वखुशीनं आलोय हां" असं बजावत होते. शेजारचा दर वेळी "व्हय" म्हणायचा.

उधाण आलं, पाणी बांधाबाहेरच राहिलं. सक्तीचं बरोबर की चूक, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण परवानगीवर कोणी भाषण सुरू केलं, की मी आधी विचारतो, शेत नक्की कोणाच्या नावावर आहे?