हाक येऊन राह्यली

कुंताबाईचा भरोसा कोनावरच नाई. चामोर्शीच्या बाजारात मासोळी विकाले येते तं स्वतःचा तराजू सोबत आनते, आन् दुसऱ्याच्या तराजूकडे अशी पाह्यते का दुकानदारच घाबरून जाते. बर्फवाल्यानं लादी देल्ली का खालून उलटून पाहीनच. मायं झेरॉक्सचं आन् रिचार्जचं दुकान आहे, बाजाराच्या तोंडाशीच. तिथी आधार कार्ड घेऊन आली तं कार्ड मशीनीतून बाहेर निघेपर्यंत डोळा हालवत नाई.

"अवो, मशीन खात नाई तुयं कार्ड," मी म्हनलं एकदा.

"हाजराबाई, मशीनीचा भरोसा तुले असन," ती म्हने.

आता अशी बाई एका पोट्ट्याच्या गोड बोलन्यावर वर्षभर बसून राहन, असं कोनी सांगतलं असतं तं मी त्याले दुकानातून हाकलला असता.

तिचा नवरा उमाजी. ढिवर मानूस, गावच्या बोडीत जाळं टाकाचा. लहान तळ्याले आमच्याकडे बोडीच म्हनते. लाजाळू किती, तं नवा मोबाइल घेतला तवा मायाकडे आला आन् म्हने, "बाई, घरचा नंबर टाकून द्या यात." मी इचारलं, नाव काय टाकू? बापा, हा मानूस पायाच्या अंगठ्याकडे पाहून राह्यला! मी मुद्दाम छेडलं, "बायकोले नाव नाई का तुमच्या?" कान लाल झाले त्याचे. शेवटी म्हने, "पिंटूची माय टाका." तेच टाकलं. बायकोचं नाव त्यानं कधी तोंडातून काढलं नाई, दुकानात नाई आन् घरी बी नाई. ती बी त्याचं नाव नाई घे. पिंटूचा बाप म्हने, नाई तं नुसतं 'ते'.

बोडीच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, उभा राहून तो हाक मारे. "अवो ओ ओ..." अशी लांब. ती हाक आयकून कुंताबाई टोपलं घेऊन निघे. आवाज मोठा गोड होता मानसाचा, खोटं कायले सांगू.

मंग त्याच गावचा हेमराज नागपुरातून शिकून आला. लॅपटॉप, दाढी, सगळं घेऊन. म्हने, मी मोबाइलचा गेम बनवून राह्यलो, नाव 'बोडी'. इंटरनेटवर गेम बनवायचा एक तयार प्लॅटफॉर्म राहते म्हने, तिथी झाड, पानी, मानूस सगळं रेडीमेड भेटते, आपन फक्त मांडाचं. त्यासाठी त्यानं लोकायपाशी पैसा मागतला. गणपतीची वर्गणी राहते ना, तशीच, फक्त मोबाइलवरून आन् अख्ख्या दुनियेतून. त्याचा एक व्हिडिओ बनवला. त्यात सकाळचं पानी, होडीसारखा डोंगा, आन् पाळीवर उभा उमाजी, हाक मारून राह्यला. पोट्ट्यानं कबूल काय काय केलं! खरी जाळी असन, जनावरं गोंडीत बोलन, पैसे देनाऱ्याच्या नावाचा डोंगा पान्यात फिरन, आन् उमाजीभाऊची खरी हाक येईन. पुण्याच्या लोकायनं टाकले, अमेरिकेच्यायनं बी टाकले. मी बी टाकले थोडे. आपल्या बोडीचं नाव होते म्हनून.

त्याच पावसाळ्यात उमाजी हिवतापानं गेला. गडचिरोलीले नेला, पन उशीर झाला.

तेरवी झाल्यावर कुंताबाई बाजारात आली आन् मासोळी न मांडता सीधी मायाकडे आली. "तो व्हिडिओ लाव." लावला. पन त्या व्हिडिओवर हेमराजनं अशी बासरी चढवली होती का खाली उमाजी ओरडून राह्यला आन् वरून नुसती पीपी. हाक काई धड येईना. ती म्हने, "बासरी नसलेली खरी हाक हेमराजच्या लॅपटॉपात भरून आहे. गेममंदी देनार आहे." बस, तवापासून दर बाजाराले तिचं एकच. टोपलं खाली ठेवाचं, हात पदराले पुसाचे आन् इचाराचं, "आली का वो?"

गेम तं आला होता. उघडला का चार दरवाजे दिसे, आन् त्यातल्या 'पाळीवर' नावाच्या दरवाज्याले कुलूप. वर लिवलेलं, 'लवकरच'. दर थोड्या दिवसानं नवीन काईतरी येई. कधी टोप्या, कधी सोन्याचे पैसे, कधी वाघ मांगं लागते तो खेळ. गोंडी बोलनारं जनावर एक नाई. डोंगा नाई. खाली लोकं लिवून राह्यले, आमच्या नावाचा डोंगा कुठे आहे? त्याईले हा लाल बदाम पाठवे. बदाम! मले तं असा राग ये का मोबाइल आपटावा.

आन् मायं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं. गेमचं जाऊ दे, पन हाक भरून घेतली आहे ना तुयापाशी, मंग तेवढी व्हाट्सअपवर टाकाले काय जाते? हेमराज एकदा फोटो काढाले दुकानात आला तवा धरलाच त्याले.

"चाची, आताच आयकली तं मजा जाईन," तो म्हने. "गेममंदीच आयकू द्या काकूले. करून राह्यलो ना मी."

"दाखव काय करून राह्यला."

"प्लॅटफॉर्मवाल्यानंच आवाजाचं फिचर देल्लं नाई अजून. ते बी करून राह्यले."

घ्या! त्याले कोनी सांगतलं 'करून राह्यलो', आन् त्यानं आम्हाले सांगतलं. आमच्या बोलीत मानूस घोरत पडला असन तरी 'करून राह्यलो' म्हनाले मोकळा. बोलताना त्यानं मायाकडे पाह्यलं नाई, हे मी पाह्यलं. फोटो बी न घेता गेला.

मी कुंताबाईले साफ सांगतलं, "बाई, मले दालमें काला दिसते. त्याच्यापाशी काई नाई."

तं मायावरच चिडली. "तुले काऊन असं वाटते? आमच्या गावचा पोट्टा आहे तो. पिंटूच्या बापाच्या हातची मासोळी खाल्ली त्यानं." बर्फ उलटून पाहनारी बाई! पन मले समजलं. हेमराजवर शक घेतला असता तं हाक गेलीच असती ना तिची. तिच्यापाशी ना उमाजीचा दुसरा व्हिडिओ, ना काई. मोबाइल होता त्याचा, त्यात 'पिंटूची माय' एवढंच.

मंग एका बाजाराच्या दिवशी मी गेम उघडला तं 'पाळीवर'चं कुलूप नाई. दुकानातल्या पोराले पाठवून... नाई, मीच पळत गेली मासोळी बाजारात. ती एका गिऱ्हाइकाशी भांडून राह्यली होती. टोपलं तसंच शेजारनीच्या भरोशावर टाकून आली. हातावर खवले तसेच. खुर्चीवर नाई बसली, उभीच राह्यली. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आन् मोबाइल तिच्या कानाजवळ धरला.

"कुंता..." आवाज आला. "ए कुंता... टोपलं घेऊन ये."

या अल्ला! तोच आवाज. तोच गोडवा, शेवटी तोच जरासा घसा बसलेला. मायाच डोळ्यात पानी आलं. मी मनात हेमराजची माफी बी मागून टाकली.

कुंताबाईचा चेहरा मात्र दगड.

"हे ते नाई," ती म्हने.

"अवो, आवाज तं..."

"आवाज आहे. ते नाई. त्याईनं जन्मात मायं नाव घेतलं का?"

'पिंटूची माय टाका' म्हननारा मानूस डोळ्यासमोर आला. मंग असा संताप चढला! फोन लावला हेमराजले, स्पीकरवर.

"खरं सांग, कुठी आहे ती हाक?"

तो म्हने, "चाची, लॅपटॉप खराब झाला होता. फॉरमॅट मारला. त्यात गेली. व्हिडिओतल्या बासरीखालच्या तुकड्यावरून प्लॅटफॉर्मच्या नव्या फिचरनं बनवली ही. आपन लिवून देल्लं का तो बोलते. काकूले बरं वाटावं म्हनून नाव टाकलं."

"कधी गेली?"

"काका होते तवाच."

म्हंजे उमाजी जित्ता होता! बोडीवर जाऊन परत भरून घेता आली असती. लाज म्हनून सांगतलं नाई पोट्ट्यानं, आन् तिले वर्षभर बसवून ठेवली. मी तोंडाले येईन ते बोल्ली, आता लिवत नाई इथी. कुंताबाईनं मोबाइल माया हातातून घेतला.

"बाबू, त्याईचं खरं काईच नाई राह्यलं का तुयापाशी?"

"नाई काकू."

तिनं फोन ठेवला. मी म्हनलं, थांब, आता त्याचं सगळं उघडं पाडते. पैसे देनाऱ्या सगळ्याईले समजू दे. गेमखाली लिवाले सुरुवात बी केली, 'हा आवाज खोटा आहे.' तिनं माया हातावर हात ठेवला. खवले चिकटले माया हाताले.

"नंतर लिव. आधी पुन्हा लाव."

"खोटा म्हनलं ना तूच?"

"खोटाच आहे." ती आता खुर्चीवर बसली. "पंधरा वर्साची लग्न होऊन आली मी. एकदा तरी नावानं हाक मारन, म्हनून वाट पाहून राह्यली होती. त्याईले नाई जमलं."

तिनं डोक्यावरून पदर घेतला, उमाजी घरात आला का घे तसा, आन् मायाकडे पाठ केली.

"लाव ना वो," ती म्हने.

मी लावला.