विन्याचा वॉर्म टोन

माझ्या धाकट्या भावाला जाऊन आज वर्ष झालं, आणि त्याच्या गिटारला कुठला पिकअप बरा होता हे मला अजून सांगता येत नाही.

विनायक. आमचा विन्या.

निपाणीतल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. हळद असो, वरात असो, सदलग्यापासून कोगनोळीपर्यंत कुठली पण सुपारी आली की गडी निघाला.

आमच्याकडच्या मांडवात ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, फुल्ल लागतो. त्या गोंगाटात गिटार कापत गेली नाही तर लोक म्हणतात, ह्यो काय नुसता उभाराय आलाय?

म्हणून जन्मभर चिरका आवाज वाजवला बिचाऱ्यानं. मनात मात्र जॅझ.

"तसला न्हाय गं आक्का. गोल आवाज पायजे. आप्पा आतल्या खोलीतनं हाक मारायचे बघ, तसा. कळतंय सगळं, पण कुठं टोचत न्हाय."

मी शाळेत गणित शिकवते. गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्याचं ऐकून ऐकून एवढं कळलं, की तारांखाली चुंबकाचा एक डबा असतो, तो पिकअप. तारेची थरथर पकडून अँपला देतो. गिटारच्या मानेजवळचा मऊ बोलतो, खालचा टोचतो.

आजार निघाला आणि कार्यक्रम बंद झाले. म्हणाला, "आता मांडवासाठी न्हाय. आता माझा टोन."

केमोला बेळगावला जाताना अख्ख्या वाटेत कानात इअरफोन. पिकअपचे डेमो ऐकायचा. शेवटी मानेजवळ बसणारे दोन हमबकर जातीचे पिकअप मागवले. एक जुन्या पद्धतीचा, आत तांब्याच्या तारेचे कमी वेढे असलेला. एक जास्त वेढ्यांचा, भरीव. दोन्ही लावून बघायचे, एक ठेवायचा, एक परत.

पार्सल यायच्या आत एक झालं.

मी त्याचा ताप बघत होते. थर्मामीटर वाजला. हा तसाच काखेत धरून बसलेला.

"विन्या, काढ की."

"वाजू दे तरी."

तो वाजून गेला होता.

डॉक्टर म्हणाले, औषधाचा परिणाम आहे. बारीक, वरचे आवाज आधी जातात. गेलेले परत येत नाहीत. आणि औषध तर थांबवता येत नाही.

मी मान हलवली आणि बाहेर आले.

पार्सल आलं. त्यानंच सोल्डर मारला. एक पिकअप लावून वाजवला, मग काढून दुसरा. मग गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"दोन्ही गोडच लागाय लागल्यात आक्का. म्हणून खालचा वाजवून बघितला, जन्मभर टोचत होता त्यो. त्यो बी गोड."

आणि हसला. मला लई राग आला. कुणाचा, ते कळेना.

"आता तू सांग. तुझं कान चांगलं हायत."

परत पहिला लावला, वाजवला. परत दुसरा. तीच सुरावट, तेवढाच आवाज. मी जीव कानात आणून ऐकलं.

मला दोन्ही सारखेच वाटले. देवाशप्पथ, सारखेच.

"सांग की गं."

"दुसरा."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं दुसरा ठेवला. पहिला मीच कुरियरला देऊन आले.

मग अंगात जीव असेल त्या संध्याकाळी वाजवायचा. मला समोर बसवून.

वाजवताना बोटांकडं बघायचा नाही, तारांकडं नाही. माझ्या तोंडाकडं बघायचा. आपला टोन कसा येतोय ते त्याला तिथंच बघायचं होतं.

मी तोंड जमेल तेवढं चांगलं ठेवायची. जमत होतं का, देव जाणे.

त्याला काय दिसलं ते तो शेवटपर्यंत बोलला नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

नीट जा रं विन्या.