कोऱ्या राहिलेल्या डाव्या बाजूच्या चुका

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. मुद्रितं तपासायचं काम. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक ऱ्हस्व-दीर्घ सुटला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नव्हते. फोरमनच्या रजेच्या अर्जातसुद्धा त्यांनी लाल शाईने सात चुका काढल्या होत्या. "रजा घ्या, पण शुद्ध घ्या," असं वर म्हणाले होते. फोरमन तेव्हा सगळ्यांबरोबर हसला, पण ते त्याच्या मनात सलत राहिलं.

त्या दिवशी सकाळी दहाला काकांनी त्याला एका अनुस्वारावरून चांगलंच झापलं. पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी एका शाळेच्या अहवालाचं पान तपासून पाठवलं. फोरमनने पान हातात घेतलं आणि त्याचे डोळे चमकले. उजवा रकाना लाल खुणांनी भरलेला, डावा मात्र कोरा. आणि त्या डाव्या रकान्यात चुकाच चुका! 'मुख्याध्यापिका'मधला काना गायब, 'विद्यार्थी'ची वेलांटी भलतीकडे.

फोरमनला आभाळ ठेंगणं झालं. पान घेऊन तो मशीनपासून बाइंडिंगच्या टेबलापर्यंत सगळीकडे फिरला. "बघा, बघा! महाराजांची विकेट पडली!" मग पानावर मोठ्या अक्षरांत तारीख घातली, खाली 'सकाळी दहा वाजून वीस मिनिटे, ऐतिहासिक क्षण' असं लिहिलं आणि ते दारावर टाचलं.

"काय काका, आज अर्ध्या दिवसाची रजा का?" त्याने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

काकांनी मान किंचित उजवीकडे वळवली. "सगळं... तपासलंय मी," ते म्हणाले. शब्द जरा जड होते, तोंडात सुपारी धरल्यासारखे. काका सुपारी खात नाहीत, हे फोरमनला ठाऊक होतं. त्याला वाटलं, म्हातारा ओशाळलाय. मनातून बरंच वाटलं त्याला. अकरा वाजता काकांच्या डाव्या हातातला चहाचा कप तिरका झाला आणि चहा कागदांवर सांडला. "आता चहाचंही मुद्रित तपासा," फोरमन म्हणाला. पुन्हा हशा झाला. काका मात्र चहाकडे बघतच नव्हते.

एक वाजता सगळे डबे उघडून बसले. काका भिंतीला घासत आले. बाइंडिंगच्या मावशींचा घास हातातच राहिला.

"काका, डाव्या पायातली चप्पल कुठंय?"

"आहे की पायात."

पाय अनवाणी होता. मावशी उठल्या. "जरा हसून दाखवा बघू." काका हसले, तोंडाची एकच बाजू वर गेली. "दोन्ही हात वर करा." उजवा गेला, डावा निम्म्यात येऊन खाली पडला. "अहो, मला काय झालंय? ठणठणीत आहे मी!" काका चिडले.

"माझे वडील असेच गेले," मावशी फोरमनला म्हणाल्या. "गाडी बोलवा. आत्ता!"

इस्पितळात पोचेपर्यंत दीड वाजला. तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "हे सुरू कधी झालं?"

काकू नुकत्याच धापा टाकत आल्या होत्या. त्यांच्याकडे बघत फोरमन म्हणाला, "आत्ताच. एकच्या सुमाराला, जेवताना."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं.

"नक्की ना?" डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो. शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?"

फोरमनचे कान तापले. "दहा वाजता," तो म्हणाला. "मला झापत होते. दहा वीसला पान चुकलं. मी... मी वेळ लिहून ठेवलीय."

"लिहून ठेवलीत? आणि तीन तास थांबलात?"

त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकू त्याच्याकडे बघत होत्या, पण त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. डॉक्टर स्ट्रेचरमागे धावल्या. इंजेक्शन वेळेत, पण अगदी काठावर मिळालं.

काका वाचले. बोलणं सुधारलं, हातात थोडी ताकद आली. डावीकडचं जग मात्र त्यांच्या नजरेतून निसटत राहिलं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राही. फोरमन दर रविवारी जाई, आणि काकू दर रविवारी म्हणत, "भाऊजी, तुम्ही वेळेवर नेलंत म्हणून." चौथ्या रविवारी त्याला ते ऐकवेना. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने पान, टाचणी, चहा, सगळं सांगून टाकलं.

काकू बराच वेळ ओटा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे व्हायच्या आदल्या मंगळवारी त्यांच्या हातून चमचा पडला होता. दहा मिनिटं जीभ जड झाली होती. मग आपोआप ठीक झाले. मी म्हटलं, जागरण कमी करा." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पण मी हसले नाही हो."



आता फोरमन मुद्रितं काकांच्या घरी घेऊन जातो. काका पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढून घेतात, बोट तिथवर नेतात आणि मगच ओळ वाचायला लागतात. एका पानाला तास लागतो.

"किती राहिल्या?" परवा त्यांनी विचारलं.

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तरी फोरमन अगदी जवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "तीन."