चाचांचं आगगाडीशी वैर

शत्रूचं तोंड दिसू नये म्हणून माणसं घर बदलतात, फार तर गाव बदलतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाचांनी देश बदलला. त्यांचा शत्रू म्हणजे आगगाडी. रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावात रेल्वे आली ती नेमकी वडिलांच्या हापूसच्या बागेतून. वडिलांनी हातानं लावलेली कलमं तुटली त्या दिवशी चाचांनी शपथ घेतली, की जन्मात आगगाडीत पाऊल ठेवणार नाही. मग जिथे रूळच नाहीत असा मुलूख शोधला आणि ते ओमानला आले. खरं तर मेहुण्यानं व्हिसा पाठवला म्हणून आले, असं चाची म्हणायच्या; पण चाचांसमोर हे बोलायची कोणाची छाती नव्हती.

मस्कतच्या रुवी भागात त्यांचं दिव्यांचं दुकान होतं आणि दार्सैतच्या आमच्या इमारतीत त्यांचा दरारा. सुट्टीत गावी जाताना मुंबईच्या विमानतळावरून थेट एस.टी. गाठायची, कशेडी घाटात दर वळणाला ओकायचं, पण जायचं रस्त्यानंच. लेक लहान असताना बागेतल्या झुकझुक गाडीत बसायचा हट्ट करी, तेव्हा चाची तिला घेऊन बसायच्या आणि चाचा तिकडे पाठ करून उभे राहायचे. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला आम्ही गाडीच्या आकाराचा केक आणला, तर यांनी सुरी मागून घेतली, इंजिन कापलं आणि एकट्यानं संपवलं. "आज जरा बरा वाटला," म्हणाले. पुढे ओमानातही रेल्वे होणार अशी बातमी आली, तेव्हा त्यांचं जेवणावरचं मन उडालं. मी मूळचा पुण्याचा; मला म्हणाले, "पुणेकर, इथं पण आली रे माज्या मागं!" ती योजना लांबणीवर पडली त्या शुक्रवारी अख्ख्या इमारतीत ओमानी हलवा वाटला गेला. मलबारी शेजाऱ्यानं कारण विचारलं, तर म्हणाले, "खा ना भाई, खलास हो गया काम उसका!"

अशा माणसाबरोबर मी चीनला गेलो. माझ्या कंपनीला दिवे हवे होते, चाचांना दुकानासाठी माल हवा होता, म्हणून शांघायच्या प्रदर्शनाला आम्ही जोडीनं निघालो. त्यांचं खरं काम मात्र पुढे बीजिंगला होतं. एकुलती एक लेक तिथे डॉक्टर झाली होती, आणि पदवीदान समारंभ प्रदर्शन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होता. ती शिकायला गेल्यापासून चाचांना एकदाही तिकडे जाता आलं नव्हतं. तिच्यासाठी खजुराचे डबे, चाचींनी केलेला खाजा आणि स्वतःसाठी नवा कोरा कोट, असा सगळा जामानिमा होता.

आणि ऐन वेळी वादळी पावसानं विमानं रद्द झाली. हॉटेलातल्या मुलीनं हसतमुखानं सांगितलं, काळजी नको, दुपारची वेगवान रेल्वे आहे, संध्याकाळी बीजिंग. चाचांनी तिच्याकडे असं पाहिलं, की बिचारीचं हसू मावळलं. टॅक्सी? हजार किलोमीटरच्या मस्कत-सलाला रस्त्यापेक्षाही लांब. बस? रात्रभर जाऊनही समारंभ चुकणार. मी वकिली करून पाहिली. "चाचा, ही आगगाडी नव्हेच. हिला आग नाही, धूर नाही, शिटी नाही."

"लबाडी नको, पुणेकर. गाडी ती गाडी."

खुर्चीत बसून राहिले. बराच वेळ कोटाची बटणं काढत होते, लावत होते. मग उठले आणि बॅग उचलली. "शपथ माजी, लेक पण माजी. दोघांत लेक मोठी. यल्ला, चल."

विमानतळालाही लाजवील अशा त्या स्टेशनात ते कोणाकडे न पाहता चालत राहिले. गाडीच्या दारापाशी थांबले, 'बिस्मिल्ला' म्हणाले आणि उजवं पाऊल आत टाकलं. गाडी सुटली तेव्हा डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या. थोड्या वेळानं विचारलं, "कधी सुटणार?" मी म्हटलं, "चाचा, शहर मागे पडलं." त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि नाक काचेला लावलं. रूळ उंच खांबांवरून चालले होते. खाली शेतं होती, तळी होती आणि एक अख्खी फळबाग होती, झाडाला झाड लागून उभी. ती मागे जाईपर्यंत त्यांनी मान वळवून पाहिलं.

"खाली झाडां तशीच ठेवलीत रे," ते हळूच म्हणाले. "अशीपण करता येते."

त्यानंतर डब्यात चाचांचं राज्य सुरू झालं. टोकाला गरम पाण्याचा नळ आहे हा शोध लागताच पिशवीतून चहाची पुडी निघाली आणि आजूबाजूच्या चार रांगांना बिनदुधाची सुलेमानी मिळाली, वर ओमानचा खजूर. समोरच्या चिनी आजीबाईंशी ते अस्सल कोकणीत बोलत होते आणि आजीबाई चिनीतून उत्तरं देत होत्या. दोघांचं एकदाही अडलं नाही. पांढऱ्या कोटातल्या लेकीचा फोटो फोनवर पाहून आजीबाईंनी अंगठा उंचावला, मग फोन रांगेरांगेतून फिरला आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. दारावरच्या पाटीवर वेगाचा आकडा चढला, की चाचा मला कोपरानं ढोसायचे. "बघ, बघ! धाव म्हणावं!"

बीजिंगला लेक फाटकाशी उभी होती. विमानं रद्द झाल्याचं तिला ठाऊक होतं, पण गाडीनं येतोय या माझ्या फोनवर तिचा विश्वास नव्हता. "अब्बा, तुम्ही... रिअली ट्रेननी आलात?" चाचांनी छाती फुगवली. "ट्रेन मला घेऊन नाय आली. मी ट्रेनला घेऊन आलो!" मग बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि मी खजुराचे डबे सांभाळत उभा राहिलो.

सकाळी समारंभात तिचं नाव पुकारलं, तेव्हा चाचा खुर्चीवरून उठून असे ओरडले, की मंचावरचे प्राध्यापक दचकले आणि मग हसले. बाहेर आल्यावर मैत्रिणींनी लेकीला फोटोसाठी हाक मारली. काळा झगा सावरत, भराभर चिनी बोलत, हसत ती अंगण ओलांडून निघाली. चाचा बघत राहिले.

"केवढी चालते रे भरभर," ते म्हणाले. "हिला चालायला लागलेली पण मी बघितली नाय. दुकानात होतो."

ती वळून पाहील म्हणून त्यांनी हात आधीच वर धरून ठेवला होता. गर्दीत शिरण्याआधी ती वळली. तिनं हात हलवला, आणि ती दिसेनाशी झाली तरी चाचांचा हात बराच वेळ वरच होता.