माया ठेवलेल्या तबकड्या

माझ्या मावशीकडे कपडे शिवायला टाकायचे म्हणजे गाणी ऐकायचीही तयारी ठेवायची. खांद्याला टेप लावता लावताच ती गिऱ्हाइकाचा अंदाज घेते. "श्वास सोडा. सोडा हो, पोट आत ओढून कोणाला फसवताय?" असं म्हणत ती कमरेचं माप घेते आणि त्याच दमात सांगते, "तुम्हाला ना, टपाल खात्यातल्या लोकांचा ब्रास बँड हवाय." गिऱ्हाईक कोट शिवायला आलेलं असतं. त्याला कोट मिळतोच, पण आधी बँड ऐकावा लागतो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मागे कापायचं टेबल, आणि शहाण्या माणसाने जिथे कापडाचे तागे ठेवले असते तिथे तबकड्या. भंगारातून, बंद पडलेल्या दुकानांतून, घर रिकामं करणाऱ्यांकडून आणलेल्या, आणि गाजलेली त्यात एकही नाही. नावाड्यांच्या गाण्यांचा एक संग्रह आहे, त्याच्या कव्हरवर कोणाच्या तरी कृपेने ट्रॅक्टर छापलाय. कधी पडद्यावर न आलेल्या सिनेमांचं नुसतं पार्श्वसंगीत आहे. एका जाझ पियानोवाल्याच्या तबकडीत मध्येच कोणीतरी खोकतं. मावशीच्या मते तो खोकलाही अगदी तालात होता.

"गाजलेली का गं नाही ठेवत?" मी एकदा विचारलं, तर तिने माझी बाही धरून शिवण उलटी करून दाखवली.

"हे काय? माया."

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि कपडा सैल करायचा.

"गाजलेली गाणी बरोब्बर अंगाच्या मापाने कापलेली असतात," मावशी म्हणाली. "तेव्हा झकास बसतात. पुढे तू वाढतेस आणि ती काखेत काचायला लागतात. या रेकॉर्डींना आत भरपूर माया आहे. म्हातारी झालीस तरी पुरतील."

त्या दिवसापासून मी तिची पक्की शिष्या झाले.

आणि मग थेट रेडिओवरून बोलावणं आलं! मावशीची एक गिऱ्हाईक दातांची डॉक्टर आहे. रेडिओ केंद्राच्या साहेबांचा दात भरताना तिने टपालवाल्यांच्या बँडची एवढी तारीफ केली, आणि बिचाऱ्यांचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. ठरलं असं, की मावशीने अर्धा तास लोकांना न ऐकलेल्या तबकड्या सुचवायच्या, तेही थेट प्रसारणात. आवडलं तर दर आठवड्याला, नाही तर रामराम.

मावशी आनंदाने नाचायचीच बाकी होती. "दुकानातले लोक कपडा हातात पडेपर्यंत ऐकतात," ती म्हणाली. "मला असं कोणीतरी हवंय, जे ऐकून उठेल आणि ती रेकॉर्ड शोधायला निघेल. एक जरी माणूस निघालं ना, तरी मी जिंकले!"

सुरुवात अर्थातच म्हाताऱ्याने करायची होती. म्हातारा म्हणजे तिची सगळ्यात लाडकी तबकडी. कव्हरवरची अक्षरं आम्हाला वाचता येत नव्हती, गाण्याची भाषा कळत नव्हती. खोल, जड, संथ आवाज आणि मागे एकच तंतुवाद्य. काका गेल्यापासून मावशी रोज दुकान आवरताना तीच लावायची. "याचंही कोणीतरी गेलंय," ती म्हणायची, आणि तिच्याबरोबर मीही डोळे पुसायचे.

स्टुडिओत मी काचेच्या अलीकडे बसले. मावशी माइकसमोर अशी बोलली की माझ्या अंगावर काटा आला. "हा साठीतला माणूस आहे. एकटा आहे. दिवस मावळलाय आणि त्याला कसलीही घाई नाही. ऐका."

निवेदकाने सुई ठेवली, आणि एक पोरगी गायला लागली! चांगली तरणीताठी, खट्याळ पोरगी. तंतुवाद्य टुणटुण उड्या मारत होतं. मागे चक्क टाळ्या पडत होत्या.

निवेदकाने मावशीकडे पाहिलं, मावशीने तबकडीकडे. तबकडी तीच होती. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानातला प्लेअर जुना, आणला तेव्हाच त्याचा तबकडी फिरवणारा रबरी पट्टा तुटलेला. मावशीने तिथल्या तिथे कंबरपट्टीत घालतात ते इलॅस्टिक शिवून बसवलं होतं. "टाका दिसतो का बघ!" असं वर मलाच विचारलं होतं. ते इलॅस्टिक इतकी वर्षं घसरत होतं आणि सगळ्या तबकड्या रेंगाळत फिरत, जाड्या आवाजात गात होत्या. आम्हाला सांगणार तरी कोण? त्या दुसऱ्या कोणी ऐकल्याच नव्हत्या.

सगळ्या शहरासमोर मावशीचं हसं होणार होतं. निवेदक सुई उचलायला वाकला, तशी मावशीने त्याच्या मनगटावर फटकन चापटी मारली. गाणं शेवटपर्यंत वाजलं. ती माइककडे झुकली तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. मला वाटलं रडतेय. हसत होती!

"मंडळी, मी तुम्हाला साफ चुकीचं सांगितलं. माझ्या प्लेअरला पट्ट्याच्या जागी इलॅस्टिक आहे. इतकी वर्षं मी या पोरीला म्हातारा समजत होते. अहो, हिच्यात एवढी माया आहे हे मलाच माहीत नव्हतं! आता बाकीच्यांतून काय काय निघेल कोण जाणे. लावा हो पुढची, लवकर लावा!"

मग काय धमाल उडाली! आमचे पेंगुळलेले नावाडी शर्यतीला निघाले होते. टपालवाल्यांचा बँड ऐकून मावशी ओरडली, "अहो, हे तर तार घेऊन धावतायत!" पियानोवाल्याचा खोकला मात्र बेताल निघाला, त्याचं तिला फार वाईट वाटलं.

कार्यक्रम संपायच्या आत फोन खणाणू लागले. एक बाई विचारत होत्या, ती पोरगीवाली तबकडी कुठे मिळेल, त्या चप्पल घालून दारातच उभ्या आहेत. "निघालं! माणूस निघालं!" म्हणत मावशीने मला अशी मिठी मारली की तिच्या कॉलरची टाचणी मला टोचली. साहेबांनी दर आठवड्याची वेळ लगेच दिली, फक्त तबकड्या आधी इथल्या यंत्रावर ऐकून या म्हणाले. मावशीने त्याला ठाम नकार दिला. आधीच ऐकलं तर मग मजा काय?

दुसऱ्या दिवशी मी प्लेअरला नवा रबरी पट्टा आणून बसवला. संध्याकाळी दुकान आवरताना मावशीने ती तबकडी लावली. पोरगी गायली, टाळ्या पडल्या, आम्ही दोघींनीही ताल धरला. गाणं संपल्यावर मावशी स्टुलावर बसून राहिली.

"गोड आहे गं पोरगी," ती म्हणाली. "पण माझा म्हातारा कुठे गेला?"

तिने बटणांचा खण उघडला, त्यात ठेवून दिलेलं जुनं इलॅस्टिक काढलं, ओढून पाहिलं आणि पट्टा उतरवून तेच पुन्हा चढवलं. सुई टेकली. तो खोल, जड आवाज निवांत खोलीत आला.

"आलात?" मावशी म्हणाली, आणि उठून मशीन कापडाने झाकायला लागली.